दुपट्ट्याखालचा हात

"तू तोंडानं सांग बे. तुह्या दुपट्ट्याखाली हात कोन घालते?"

भर बैलबाजारात मालगुजार मला हे म्हणाला. समुद्रपुराच्या अलीकडे, नाल्याकाठी आमचा बाजार भरायचा. मालगुजारी कायद्यानं गेली होती, पण लोकांच्या तोंडातून आणि त्याच्या मानेतून गेली नव्हती.

बैलाचा भाव आमच्याकडे तोंडानं होत नसे. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसत, हातांवर दुपट्टा टाकत आणि खाली बोटं दाबून भाव सांगत. दाबलेलं बोट म्हणजे आकडा. बाकीच्यांना फक्त दुपट्टा हललेला दिसे. त्यामुळे एकाशी जमलं नाही तर दुसऱ्याशी नव्यानं बसता येई. तोंडानं भाव सांगणं म्हणजे आपला तळ साऱ्या बाजाराला उघडा करून दाखवणं.

मी लोकांची गुरं चारत मोठा झालो. बैलाचा दात आणि खूर बघून त्याचं वय, त्याचा स्वभाव सांगायचो. पुढे स्वतःचे बैल घेतले, विकले. सौद्यात मला कोणी फसवलेलं नव्हतं. त्या दिवशी फसवायची गरजच पडली नाही. मी तोंडानं भाव सांगितला. त्यानं मोठ्यानं निम्मा सांगितला. माणसं हसली. त्यानंतर कोणीच त्या निम्म्याच्या वर जाईना. बैल त्यालाच द्यावा लागला.

जाताना म्हणाला, "धरम बदलला तुमी, बोटं त तेच हायेत ना."

आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली त्याला वर्षही झालं नव्हतं.

आणि त्याच दिवशी सकाळी काय झालं होतं? नाल्यात त्याची दमणी, बसायची हलकी बैलगाडी, फसली होती. काळा चिखल, गुडघ्यापर्यंत. मी माझे बैल जुंपून ती ओढून काढली. उतरताना त्यानं माझा हात धरला. असा घट्ट, की माझी पाचही बोटं दुखली. सकाळी चालली ती बोटं दुपारी बाटली.

मी बाजाराच्या पंचांकडे तक्रार केली. सकाळचंही सांगितलं, दुपारचंही. पंचांचा कारभार एक पेन्शनीत निघालेले मास्तर बघत. शुद्ध बोलणं, धुतलेलं धोतर, गावात मान. त्यांनी निकाल लिहिला आणि वाचून दाखवला. तक्रारदाराचे म्हणणे विसंगत असल्याने तक्रार काढून टाकण्यात येत आहे.

"मास्तर, विसंगत म्हंजे?"

मास्तरांना शिकवायला आवडायचं. चष्मा काढून म्हणाले, "ज्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, एकीनं दुसरी खोटी पडते, तिथे हा शब्द वापरतात. सकाळी यांनी तुझा हात धरला म्हणतोस. दुपारी हात लावायला तयार नव्हते म्हणतोस. दोन्ही खरं कसं असेल?"

मालगुजार तिथेच बाजेवर बसून चहा पीत होता. तो लपवायच्याही भानगडीत पडला नाही.

"धरलता मी हात. चिखलात पडलो असतो ना, मास्तर."

मी मास्तरांकडे बघितलं. आता ते ओळ खोडतील असं वाटलं. त्यांनी दौतीला झाकण लावलं.

"आता त ते सोताच बोलले," मी म्हणालो. "मंग हा शब्द त्यायच्या नावापुढं लिवा."

"तक्रार तुझी आहे. शब्द तुझ्याच तक्रारीला लागणार."

एवढा शिकलेला माणूस. शब्दाचा अर्थ त्यानं बिनचूक सांगितला आणि तो शब्द चुकीच्या माणसाच्या गळ्यात बांधला. न जुळणारं वागला तो बाजेवरचा. लबाड ठरलो मी, कारण जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. इतकी वर्षं मला वाटायचं, आपल्याला शब्द येत नाहीत म्हणून आपण हरतो. त्या दिवशी कळलं, शब्द येणारेही भित्रेच असतात. फक्त त्यांचं भय स्वच्छ अक्षरात असतं.

पेरणीच्या तोंडावर मालगुजाराचा एक बैल पायानं गेला आणि त्याची जोडी मोडली. बाजारात जोडी होती ती माझीच, एका चालीची. तो आला. मी हातावर दुपट्टा टाकून बसलो.

"भाव सांग."

"बसा. हात द्या."

"तुह्या मनासारखा भाव देतो ना. तोंडानं बोल."

"तोंडानं मी फक्त नाई म्हंतो."

त्यानं इकडंतिकडं बघितलं. मग आपलं उपरणं काढून हाताला गुंडाळलं, आणि तो गाठोड्यासारखा हात पुढे केला.

"हे घे. धर आता."

मी माझा हात काढून घेतला. दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला. मास्तर चार हातांवर उभे होते.

"मास्तर, ह्याले काय म्हंता?"

मास्तर माझ्या बैलांचे खूर बघू लागले. त्यांना खुरांतलं काही कळत नव्हतं.

जोडी मी हाकलत घरी आणली. मोकळी ठेवीन, चारीन, म्हातारी करीन. पण माझा बैल ज्याला पाहिजे, त्यानं आधी उघडा हात माझ्या दुपट्ट्याखाली घालायचा. भावाचं नंतर. नाहीतर त्याचं वावर पडीक पडो.