हक्कसोड

पंचवटीच्या बाजारात पालेभाज्या विकणाऱ्या बावीस बायकांनी मिळून आडगावच्या बाजूला जमीन घेतली आणि तिथे आपापली घरं बांधली. त्यात माझी आई होती. त्या बायकांच्या घरांतून कॉलेजपर्यंत पोचलेली मी एकटी, म्हणून सोसायटीचे कागद माझ्या गळ्यात पडले. बाजार उरकला की सगळ्या एका टेम्पोत दाटीवाटीने बसून बांधकामावर जायच्या आणि नव्या भिंतींना पाणी मारायच्या. हात कोथिंबिरीवर पाणी शिंपडायला सरावलेले; भिंतींवरही तसंच हलकं शिंपडायच्या. मिस्त्री वैतागायचा, "अहो मावशी, भिंत आहे ती, जुडी नाही!"

पहिल्याच बैठकीत त्यांनी एक नियम केला होता. घर बाईच्या नावावर, आणि तिच्यामागे लेकीच्या नाहीतर सुनेच्या. कायद्यात तो टिकला नसता, नुसता तोंडचा शब्द होता. कुणी बाई गेली की तिचे मुलगे बहिणींना हक्कसोडपत्रावर सही करायला न्यायचे. आपल्याकडे बहिणीने आपल्या वाट्यावर पाणी सोडायचं, साडी घ्यायची आणि माहेर राखायचं, असंच चालत आलंय. मी त्या लेकींच्या घरी जाऊन तावातावाने सांगायचे, "सही करू नका. रजिस्टर ऑफिसात साहेब विचारतो, राजीखुशीने देताय ना? तिथे नाही म्हणायचं आणि उठून यायचं." तीन घरं माझ्या बोलण्याने लेकींकडे राहिली. त्याचा मला चांगलाच माज होता.

गेल्या वर्षी आई गेली. वडील आधीच गेलेले, भाऊ एकुलता एक. तेरावं झालं आणि तो म्हणाला, "ताई, मी आता तिथेच राहायला येतो. आईच्या दाराला कुलूप नको. तू दिवाळीला येणार कुठे मग?" मला रडू आलं. त्याला नाही म्हटलं तर तो तुटेल आणि मला कुणीच उरणार नाही, ही भीती खरी होती. रजिस्टर ऑफिसला सहीसाठी जाताना गाडीतच त्याने साडी दिली. येवल्याची, जांभळी. रंग मला आवडला, हेही सांगून टाकते. साहेबाने मान वर न करता विचारलं, "राजीखुशीने ना, ताई?"

मी म्हणाले, "हो."

भाऊ तिथे एक रात्रही राहिला नाही. आईचं घर रस्त्याकडचं पहिलं. शेजारच्या लग्नाच्या लॉन्सवाल्याला पार्किंगसाठी जागा हवी होती. भावाने त्याला विकलं, आणि चार महिन्यांत घर पाडलं. दिवाळीला मी भावाला फोन केला, तो म्हणाला, "नंतर बोलू." साडीची घडी अजून मोडलेली नाही. मला तिचा राग येतो, आणि टाकवतही नाही.

आईच्या भिंतीला भिंत लागून एका मावशींचं घर होतं. नवऱ्याने टाकलेली त्यांची लेक त्यांच्याजवळच राहायची. या पावसाळ्यात मावशी गेल्या. महिन्याभराने ती लेक माझ्याकडे आली. हातात कागद होता. वाचायच्या आधीच मी ओळखला.

"सही करू नकोस," मी म्हणाले. जुनं सगळं पुन्हा बोलायला लागले. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"भाऊ म्हणत्यात, शिकलेल्या ताईंनी केली, मग तुला काय झालं?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला भांडता आलं असतं.

"अगं, तू राहशील कुठे?"

"बघू. भाऊ तुटले तर मला तरी कोण हाय?"

माझंच वाक्य होतं ते. मी चहा ठेवला, तो तिने अर्धाच घेतला. उठताना कागदाची घडी घालत म्हणाली, "मला ऑफिसची लय भीती वाटते. तिथं साहेब काय विचारतो, ताई?"

"राजीखुशीने देताय ना, असं विचारतो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

खोटं बोलायला हवं होतं. तेवढ्या एका खोट्याने कदाचित तिचं घर वाचलं असतं.

"हो म्हणाले," मी सांगितलं.

तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी जाऊन तीही हो म्हणाली.