घोडबंदरला मी गाळलेलं वाक्य

"इंग्रजी शाळेतली दिसते. हिला आपलं बोलनं कळंल का?" सून सासूच्या कानाशी म्हणाली.

मी दारात चपला काढत होते. ऐकू आलं नाही असं दाखवलं. इंद्रलोकमधल्या माझ्या फ्लॅटवरून निघाल्यापासून मीही स्वतःला तेच विचारत होते.

सोबत क्लारा होती. ती परदेशातून खाडीकाठच्या गावांवर पुस्तक लिहायला आलीय आणि मी तिची दुभाषी. लेखी अनुवाद मी करते. तोंडी काम पहिल्यांदाच. कागदावर शब्द बदलता येतो. इथे समोरचा माणूस तोंडाकडे बघत असतो.

हायवे सोडल्यावर ट्रकचा आवाज मागे राहिला होता आणि ओल्या चिखलाचा वास सुरू झाला होता. ओटीवरून ओहोटीची खाडी दिसत होती. सासूने, म्हणजे हिरामावशींनी, निवट्यांचं (खाडीच्या चिखलात उड्या मारणारे लहान मासे) कालवण वाढलं. पहिल्याच घासाला क्लाराच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पानी दे गं तिला, मरंल," मावशी म्हणाल्या. सगळेच हसलो.

मग क्लाराने विचारलं, असे बाहेरचे पाहुणे आले की कसं वाटतं?

मावशींचे भाकरी थापणारे हात थांबले. "येतात, जेवतात, फोटू काढतात. परत येऊन एकानं इचारलं न्हाय, कशी हायेस. सांग हिला."

मी सांगितलं की यांच्याकडे बरेच पाहुणे येतात आणि या सगळ्यांना जेवू घालतात. क्लाराने खुशीत हात जोडले. मावशींनी तिचा चेहरा पाहिला, मग माझा.

"हसली कशी ही?"

त्या तव्याकडे वळल्या. पुढच्या प्रश्नांना "हाय", "न्हाय" एवढंच उत्तर आलं.

परतीच्या रिक्षात क्लारा म्हणाली, पुस्तकाची सुरुवात याच घरापासून करते. पाहुण्यांना इतका जीव लावणारी बाई तिने पाहिली नव्हती. मी बाहेर बघत होते. माझं मराठी कच्चं आहे, असं मी नेहमी धरून चालते. पण मावशींचा शब्द न् शब्द मला कळला होता. कळूनही तो पुढे द्यायला मी घाबरले, आणि आता मावशींच्या नावावर माझं वाक्य छापून येणार होतं.

काशिमिऱ्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली.

"ते लिहू नकोस," मी इंग्रजीत म्हणाले. "त्यांचं बोलणं मी बदललं. त्या म्हणाल्या, पाहुणे येतात, जेवतात, फोटो काढतात, आणि परत येऊन कशी आहेस म्हणून कोणी विचारत नाही."