हिरव्या साडीतली बाहुली

बाहुलीनाट्याच्या प्रशिक्षणासाठी नाव गेलं होतं आमच्या चित्रकलेच्या सरांचं. ऐन वेळी त्यांची बदली झाली आणि मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. "मॅडम, यादीतली जागा रिकामी ठेवली तर वरून विचारणा होते. पाचच दिवस आहेत. तुमची बहीण अकोल्यातच असते ना?"

मी गणिताची शिक्षिका. तेल्हारा तालुक्यात, हिवरखेडच्या पुढच्या एका खेड्यात पाचवी ते सातवीला एकोणीस वर्षं गणित शिकवते आहे. माझा निकाल चांगला लागतो, शिष्यवृत्तीला माझी मुलं बसतात, आणि माझ्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू येते, हे मी स्वतःच लोकांना सांगत असे.

बहीण जठारपेठेत राहते. तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवरच्या सभागृहात आम्ही चाळीसेक शिक्षक जमलो. शिकवायला अमरावतीहून एक निवृत्त नाट्यशिक्षिका आल्या होत्या. बारीक कापलेले पांढरे केस, आणि न चढवताही शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुमच्या शाळेत मुलं सर्वांत कमी कुठे बोलतात?" कुणी मुख्याध्यापकांची खोली म्हणालं, कुणी प्रार्थनेची जागा. मी हात वर केला. "माझ्या तासाला." जरा ऐटीतच सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या शिक्षकाकडे वळल्या.

पाच दिवस आम्ही कागदाचा लगदा केला, मोज्यांना तोंडं शिवली, तीन बोटांवर बाहुली हलवायला शिकलो. मला ते आवडतंय हे कबूल करायला मला तिसरा दिवस उजाडावा लागला. निघताना नाट्यशिक्षिकेने दोन गोष्टी बजावल्या. "गोष्ट मुलांकडून घ्या, तुम्ही देऊ नका. आणि पहिला प्रयोग होईपर्यंत तालमीत डोकावू नका. तुम्ही दारात दिसलात की मुलं तुमच्या आवडीचं करायला लागतात."

शाळेत परतल्यावर मी सातवीतली सहा मुलं निवडली, त्यांना बाहुल्या करायला शिकवलं आणि सांगितलं, आपल्या शाळेत घडलेलं काहीतरी दाखवा. त्या सहांची पुढारी आपसूक झाली ती बाजारातल्या टेलरची मुलगी. वर्गात ती मागून दुसऱ्या बाकावर बसायची आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायची नाही. पण वडिलांच्या दुकानातल्या चिंध्या पिशवीभर घेऊन आली आणि बाकीचे पाच तिच्याभोवती गोळा झाले. मधल्या सुटीनंतर पुस्तकांच्या खोलीत त्यांची तालीम चाले. दार बंद. आतून हसू ऐकू यायचं, मग एकदम शांतता, मग कुणीतरी कुजबुजायचं, "बाई आल्या का रे?" मला वाटे, पोरांना आपल्याला चकित करायचं असेल.

पंधरा दिवसांनी, शनिवारच्या सकाळच्या शाळेत, पहिला प्रयोग ठेवला. सगळी शाळा व्हरांड्यासमोर बसली. दोन बाकांवर चादर बांधून पडदा केला होता. मुख्याध्यापक मधल्या खुर्चीत, शेजारी मी.

पडद्यामागून पहिली बाहुली वर आली. बाटलीच्या रंगाची हिरवी साडी, कॉफी रंगाचा काठ, दोरीला लटकणारा चष्मा, आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. मुलं खदखदून हसली. मीही हसले. साडी माझीच होती. तिचा ब्लाउज मी त्याच टेलरकडे शिवायला टाकला होता, त्यातलं उरलेलं कापड बाहुलीच्या अंगावर आलं होतं.

बाहुली बोलायला लागली. शुद्ध, तोडून तोडून. "सोपं आहे हे. इतकं सोपं, की न येणाऱ्याची मला कीव येते."

वाक्य माझं होतं. ते मी रोज म्हणते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

मग एक लहान बाहुली आली. तिला उत्तर येईना. हिरव्या साडीने पुठ्ठ्याच्या फळ्यावर खडूने मोठं शून्य काढलं. "जा. आपल्या घरात जाऊन उभी राहा."

इथे मला सांगायला हवं. मी मुलांना कधी मारलं नाही, आणि त्याचा मला अभिमान होता. ज्याला उत्तर येत नसे त्याला मी फळ्यावरच्या शून्यात नाक टेकवून उभं करत असे, तास संपेपर्यंत. छडीपेक्षा हे बरं, अशी माझी समजूत होती.

छोटी बाहुली नाक टेकवून उभी राहिली. प्रेक्षकांतली मुलं हसायची थांबली. बराच वेळ काहीच घडलं नाही, बाहुली नुसती उभी. मग फळ्याकडे तोंड ठेवूनच ती म्हणाली, "बाई, मले आता आठवलं. सांगू का?" हिरवी साडी वह्यांवर सह्या करत राहिली. "बाई, सांगू का?" असं तिने चार वेळा विचारलं. दर वेळी आवाज आणखी बारीक झाला. मग पडद्यामागे घंटा वाजली आणि दोन्ही बाहुल्या खाली गेल्या.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळी शाळा माझ्याकडे बघत होती.

मुख्याध्यापकांनी मुलांना लगेच वर्गात पाठवलं, पण फाटकाशी उभ्या असलेल्या एका पालकाने मोबाइलवर सगळं टिपलं होतं. दुपारपर्यंत तो व्हिडिओ गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. खाली लोक लिहीत होते. "आमच्या पोरीले बी असंच उभं केलं होतं." "मी पाचवीत होतो तवा माह्यं नाक रोज पांढरं राहे." हे लिहिणारा आता दोन मुलांचा बाप होता. मी सगळं वाचत बसले, फोन ठेवला, पुन्हा उचलला.

सोमवारी मुख्याध्यापकांनी खोलीचं दार लोटून घेतलं. "मॅडम, मुलाला मानसिक त्रास द्यायलाही कायद्याने बंदी आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. अमरावतीच्या बालनाट्य महोत्सवात आपण नाव दिलंय. तिथे अधिकारी बसणार. हे नाटक तिथे झालं तर तुम्ही स्वतःच स्वतःविरुद्ध अर्ज दिल्यासारखं होईल. आणि इतकी वर्षं मी काय करत होतो, हेही विचारतील."

"मग नाव मागे घेऊ या."

"मागे घेतलं तर कारण लिहावं लागतं. गोष्ट बदला. झाडं लावा, पाणी वाचवा, काहीही करा."

त्याच दुपारी टेलर शाळेत आले, मुलीचा हात घट्ट धरून. "मॅडम, गलती झाली," ते म्हणाले. "पोरगी नादान हाये. तुमच्या ब्लाउजचं कापड न विचारता घेतलं तिनं. आता नाटक-बिटक सगळं बंद. फक्त शाळेतून नाव काढू नका." मुलगी जमिनीकडे बघत होती. तिच्या बोटांना अजून रंग लागलेला होता.

तिची काही चूक नाही, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "ठीक आहे. पुन्हा असं व्हायला नको." त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला आणि तो बघून मला स्वतःचीच लाज वाटली. तरी मी शब्द मागे घेतला नाही. मी घाबरले होते.

दोन दिवसांत मी झाडांवरचं नाटक लिहिलं. आता तालीम दार उघडं ठेवून, माझ्यासमोर व्हायची. मुलांनी सगळं पाठ केलं, एक शब्द चुकला नाही. टेलरच्या मुलीला वडिलांनी मनाई केली होती, म्हणून ती खिडकीजवळ अभ्यास करत बसायची. तिच्याऐवजी मी झाडाची बाहुली दुसऱ्या मुलीला दिली. झाडाला संवाद नव्हते.

वर्गात मी शून्य काढणं थांबवलं होतं. मला वाटलं, तेवढ्याने भागेल. मग एका सकाळी पाचवीतल्या एका मुलीला मी अपूर्णांकाचं उदाहरण विचारलं. तिला येईना. मी काही बोलायच्या आत ती बाकावरून उठली, फळ्याशी गेली, खडू घेतला आणि स्वतःच शून्य काढायला लागली. मी म्हणाले, "बस खाली." आवाज चढला असावा, कारण ती आणखी घाईने काढू लागली. मी जवळ जाऊन तिच्या हातातून खडू घेतला. तिचा हात थंडगार होता. पुढचा अर्धा तास मी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

शाळा सुटल्यावर मी टेलरच्या दुकानात गेले. ते मशीनवर होते. मला बघून उठले, मी बसा म्हटलं. "कापड माझं होतं. ते मी तिला दिलं, असं समजा," मी म्हणाले. "आणि तुम्ही माफी मागितलीत, ती मी मागायला हवी होती. पोरीने खोटं काही दाखवलं नाही. अमरावतीला तिने यावं आणि तिचंच नाटक करावं, असं मला वाटतं."

त्यांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला. "आन् तुमची नोकरी, मॅडम?"

"बघू."

त्यांनी सुईखालचं कापड सोडवून बाजूला ठेवलं. मग आत बघून त्यांनी मुलीला हाक मारली. ती पडद्याआड उभीच होती.

अमरावतीला जाताना मुख्याध्यापक जीपमध्ये पुढे बसले होते, आम्ही मागे. झाडांच्या बाहुल्या खोक्यात होत्या, हिरवी साडी माझ्या पायाशी पिशवीत. अकोट गेलं, अंजनगाव गेलं. मुलं एरवी गाणी म्हणतात, त्या दिवशी गप्प होती. त्यांना मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. मुख्याध्यापकांना सांगायचं धाडस मात्र मला सभागृहाच्या पायऱ्यांवर पोचेपर्यंत झालं नाही.

त्यांनी पिशवीकडे पाहिलं. "हे काय?"

"सर, आज झाडांचं नाही, मुलांचं ते पहिलंच नाटक होईल."

ते चिडतील असं वाटलं होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "मला याची कल्पना नव्हती, असं मी लिहून देईन."

"द्या, सर."

ते आत जाऊन बसले. आमचा क्रमांक चौथा होता. तिसरं नाटक सुरू असताना टेलरची मुलगी रंगमंचामागे माझ्याजवळ आली. "बाई, तुमी आत बसान त मले जमणार नाई."

"मी शेवटच्या रांगेत बसते. दिसणारसुद्धा नाही तुला."

"दिसल्या नाई तरी मले माहीत राह्यते." तिने बाहुलीचा काठ सारखा केला. "तुमी बाहेर थांबा ना."

मी बाहेर गेले. पाण्याच्या टाकीजवळ मावळ्यांच्या वेशातली दुसऱ्या शाळेची मुलं ढकलाढकली करत होती. मी बंद दाराला पाठ लावून उभी राहिले. आत हसू उसळलं, म्हणजे साडी वर आली. पुन्हा हसू. मग ते थांबलं. पहिला "सांगू का" मला ऐकू आला, दुसरा अर्धा ऐकू आला. तिसरा, चौथा नाही. मग टाळ्या सुरू झाल्या. त्या बराच वेळ चालल्या, पण मला कुणी आत बोलावलं नव्हतं, म्हणून मी गेले नाही.

परीक्षकांचा माइकवरचा आवाज स्पष्ट आला. "ही गोष्ट तुम्ही कल्पनेने रचली, की या बाई खऱ्या आहेत?"

मग तिचा आवाज. "खऱ्या हायेत. बाहेर उभ्या हायेत."

दार उघडलं तेव्हा एक अधिकारी समोर होते. त्यांनी माझं नाव, शाळा, किती वर्षं शिकवते ते विचारलं आणि लेखी खुलासा मागितला. मी तो तिथेच, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून लिहिला. कारणं लिहिली नाहीत. काय करत होते तेवढं लिहिलं.

बक्षीस मिळालं नाही. परतताना दोन मुलं रडली. अकोटला मुख्याध्यापकांनी जीप थांबवली, मुलांना गरम भजी घेतली आणि माझ्या हातात कप देत म्हणाले, "चहा घ्या, मॅडम." एवढंच.

पुढचे तीन महिने रोज टपालाकडे डोळे लावून गेले. शेवटी लेखी समज आली, सेवापुस्तकात तिची नोंद झाली, आणि नोकरी राहिली. वर्ग मात्र इतक्या लवकर बदलला नाही. मुलं मला बराच काळ जोखत होती. "मले नाई समजलं" हे माझ्या तासाला पहिल्यांदा मोठ्याने ऐकायला पुढचं वर्ष उजाडलं. टेलरची मुलगी आता अकोटला आठवीत जाते. रस्त्यात भेटली तर मान डोलावते, थांबतेच असं नाही.

गेल्या महिन्यात त्याच नाट्यशिक्षिकेने मला चांदूर बाजारला, शिक्षकांच्या प्रशिक्षणात बोलायला बोलावलं. मी बाहुली कशी करायची ते दाखवलं आणि मग हे सगळं सांगितलं. एका तरुण शिक्षिकेने विचारलं, "मॅडम, वाईट नाही वाटलं?" मी म्हणाले, वाटलं, अजून वाटतं. मागच्या रांगेतले एक वयस्कर सर उठून बाहेर गेले. रागावले असावेत असं मी धरून चालले. दहा मिनिटांनी ते परत आले, चेहरा धुतलेला, शर्टाची कॉलर ओली. पुढच्या रांगेत रिकामी जागा होती तिथे येऊन बसले आणि म्हणाले, "तो लगदा कसा करायचा, पुन्हा एकदा सांगा."