दाजींच्या डोक्यातली गाठ

दाजी गेल्याची तार आमच्याच स्टेशनात आली. मी पूर्णेला तिकीटबाबू, तेव्हा खिडकीवरच होतो. तारबाबूंनी कागद माझ्या हातात दिला आणि माझ्या खिडकीची फळी खाली ओढली. बाहेर माणसं फळीवर थापा मारत राहिली... मला मात्र त्या थापांत दाजींचाच हात ऐकू येत होता.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, विश्वनाथराव. पोखर्णीच्या अलीकडच्या एका खेड्यात मास्तर होते. निजामाच्या अमदानीत उर्दूतून शिकवायचे, विलीनीकरणानंतर मराठीतून. फळ्यावर पहिल्यांदा मराठी अक्षरं लिहिली त्या दिवशी घरी येऊन अक्काला म्हणाले होते, "आज जीभ सुटल्यागत वाटायलंय." पोरांवर छडी उगारली नाही, घरात कधी आवाज चढवला नाही, असा माणूस. ते हळूहळू बदलत गेले. आधी मयतीत हसू लागले. मग भर वर्गात एका पोराला भिंतीवर असं आपटलं, की त्याचा खांदा निखळला. नोकरी गेली. एका सकाळी दुभत्या शेळीनं लाथ मारली म्हणून त्यांनी कुऱ्हाडीनं तिची मान तोडली, आणि अडवायला धावलेल्या अक्काच्या मनगटावर कुऱ्हाडीचा दांडा घातला. मी तेव्हा त्यांच्याकडे मुक्कामाला होतो; हाड मोडल्याचा आवाज मला ओसरीवर ऐकू आला. त्यांची लहानगी सुमन रक्ताच्या थारोळ्यात पाय बुडवून उभी होती. मी दाजींना खाली पाडलं, छातीवर बसलो आणि मारत सुटलो. अक्का मोडका हात पोटाशी धरून ओरडत होती, "मारू नको रे त्यांना! हे आपले न्हाईत... हा दुसराच कुणी हाय."

गावाला ते वेगळ्या अर्थानं पटलं. रझाकारांच्या धामधुमीत दाजींच्या डोक्यात बंदुकीचा दस्ता बसला होता. तेव्हाचंच काहीतरी अंगात शिरलंय, असं सगळे म्हणू लागले. त्यांना खांबाला बांधलं, नाकाखाली मिरच्यांची धुरी धरली, आणि मांत्रिकानं तापलेल्या सळईनं कपाळावर डाग दिला. कातडी चरचरली, जळक्या मांसाचा वास सुटला, आणि दाजींचं अंग ताठ होऊन आचके देऊ लागलं. तोंडाला फेस, दातांखाली जीभ. झटके थांबल्यावर त्यांनी विचारलं, "दिवा कुणी मालवला?" भर दुपार होती.

तसंच बैलगाडीत घालून त्यांना परभणीला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं डोळ्यांत बारीक उजेड सोडून बराच वेळ पाहिलं. "डोळ्यामागची नस सुजलीय," तो म्हणाला. "डोक्यात काहीतरी वाढायलंय, आतून दाबायलंय. हे वेड न्हाई. यांना मद्रासकडं न्या, तिकडं मेंदूचं ऑपरेशन करायलेत." असं ऑपरेशन असतं, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. सिकंदराबादमार्गे त्यांना रेल्वेच्या बाकाला धोतरानं बांधून नेलं. वाटेत पाणी पाजताना त्यांनी माझ्या दंडाचा लचका तोडला. वण अजून आहे.

तिथल्या सर्जननी मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं. मेंदूचा जो भाग माणसाला आवरून धरतो, नेमका त्याच्यावर, कपाळामागं, गाठ दाबून बसली होती. असे रोगी क्वचितच येतात आणि सर्जन अशांचाच अभ्यास करत होते. बंदुकीच्या माराचा संबंध आहे की नाही, ते सांगता येत नाही म्हणाले. अक्कानं एकच विचारलं, "गाठ काढल्यावर मारणारा जाईल, का माझा मालकच जाईल?" मी ते हिंदीत सांगितलं. सर्जन म्हणाले, "माहीत नाही. आम्हीही शिकतोच आहोत."

कवटी करवतीनं कापून लहान संत्र्याएवढी गाठ काढली. दाजी शुद्धीवर आले ते आमचे जुने दाजी होऊन. अंधुक दिसूही लागलं. अक्काच्या वाकड्या मनगटाकडे बघून त्यांनी विचारलं, "हे गं कसं झालं?" अक्का म्हणाली, "उंबऱ्यावर पडले." पण घरी आल्यावर सुमन त्यांना बघताच धान्याच्या कणगीमागं लपली आणि किंचाळली, "कुऱ्हाड नको!" दुसऱ्या दिवशी दाजींनी मला शेतात नेऊन सगळं वदवून घेतलं. ऐकता ऐकता बाभळीवर कपाळ आपटू लागले. टाके उसवून रक्त आलं, तरी थांबेनात. "कुणी मारलं रे, रंगा? मी, का त्या गाठीनं?" मी त्यांना मिठी मारून धरलं... दुसरं काय करणार?

पुढची काही वर्षं शांत गेली. घरीच पोरं शिकवायचे. सुमन जेवायला वाढायची, पण हाताच्या अंतरावरून. गेल्या हिवाळ्यात जेवताना दाजींनी अचानक भरलं ताट भिंतीवर भिरकावलं, आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. "ती परत आली," म्हणाले. या वेळी त्यांना कुणी बांधलं नाही. ते आपल्या पायांनी गाडीत चढले. सर्जनना म्हणाले, "वाचलो तर ठीक. न्हाईतर मेंदू ठेवून घ्या, बघा. माझ्यासारखा दुसरा कुणी खांबाला बांधलेला असंल." दुसऱ्या ऑपरेशनात रक्त थांबलं नाही. अक्कानं त्यांचा शब्द पाळला आणि उरलेल्या देहाला तिथंच अग्नी दिला. अस्थी घेऊन ती परतली तेव्हा भावकीतल्या एकानं तोंडावर विचारलं, "मेंदू तिकडंच ठेवून मानूस सुटंल कसा?" अक्का म्हणाली, "तुमी डाग दिला तवा कुठं सुटले होते?"

परवा सुतार आला होता, माजघराचं दार दुरुस्त करायला. त्या दाराला आतल्या बाजूनं एक जाड लोखंडी कडी आहे. ताट फेकलं त्याच दुपारी दाजींनी ती स्वतः ठोकून बसवली होती, मायलेकींना आतून लावून घेता यावी म्हणून. मद्रासला निघेपर्यंत ते दाराबाहेर ओसरीवर झोपले, आणि कडी लागल्याचा आवाज ऐकल्याशिवाय आडवे झाले नाहीत. सुतार म्हणाला, "आता हिचं काय काम? काढून टाकतो." सुमन पुढं झाली आणि कडीवर हात ठेवला.

"राहू द्या," ती म्हणाली. "बाबांनी बसवलीय. माझ्यासाठी."