सीट पुसणारा ड्रायव्हर

“ऊठ. आन् सीट पुसून ठेव,” रणजित म्हणला.

भर ग्राऊंडवर. सगळी टीम उभी. म्या रेसच्या गाडीतून उठत होतो, अंगातला सूट घामानं चिकटलेला. रणजित आमचा कॅप्टन, कंत्राटदाराचं पोरगं, गाडीचा दुसरा ड्रायव्हर. त्यानं पिवळं फडकं पुढं केलं. आन् म्या पुसली. वाकून.

घामाचं निमित्त होतं. पण घाम काय मला एकट्यालाच येत होता व्हय? ड्रायव्हर निवडायच्या ट्रायलला दुसरी पोरंबी बसायची. त्यांच्या मागं रणजित तसाच बसायचा, हसत, टपली मारून. फडकं निघायचं ते माझ्याच मागं. का, ते कुणी बोलायचं न्हाय. माझी वस्ती कोणती, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

आन् ती सीट तरी कुणी केली? धाराशिवच्या आमच्या इंजिनियरिंग कॉलेजातल्या पोरांनी एका माणसाची, उघड्या चाकांची रेसगाडी बनवायला घेतली. मोटारसायकलचं इंजिन, पाइपांचा सांगाडा. सीटसाठी पिशवीत फोम ओतला, त्यावर म्या बसलो. फोम फुगून घट्ट होईस्तोवर हललो न्हाय. माझ्याच पाठीचा साचा. स्टिअरिंगचं डिझाइनबी माझं. पहिल्या स्पर्धेत इंजिन तापून गाडी बंद पडली. दुसऱ्या स्पर्धेत वळणावर स्टिअरिंग इतकं जड, की हात भरून आले. म्या ते सगळं खोलून नव्यानं मांडलं, तवा कुठं गाडी वळायला लागली. टीम सांभाळणारे सर म्हणले, “हिला तुझ्याइतकं कुणी ओळखत न्हाय.” लई फुगलो. तरी पुढच्या सरावाला फडकं हायेच.

आबा, म्हणजे माझे वडील, हैद्राबाद रोडला ट्रक चालवतात. नळदुर्गला माल उतरवून एकदा सराव बघायला आले. ढाब्यावर साऱ्यांना सांगून आले होते, पोरगं रेसची गाडी चालवतंय म्हणून. त्यांच्या डोळ्यांदेखत म्या सीट पुसली.

“आरं, तू ड्रायव्हर हाईस का क्लीनर?”

“रूल हाय तसा, आबा. उतरणाऱ्यानं पुसायची.”

“व्हय? मंग बरं हाय.”

त्यांनी खरं धरलं. दोस्तांनाबी तसंच सांगितलं असंल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फडकं रणजितनं दिलं, पण त्याचा रूल म्या केला. बापाच्या पुढं.

मग सीझनची शेवटची शर्यत. लांब पल्ल्याची. अर्धी एकानं चालवायची, मधी ठरलेल्या वेळात ड्रायव्हर बदलायचा. उशीर झाला की तेवढा वेळ निकालात धरतात. म्या गाडी अशी पळवली, की पहिल्या तिघांत आणून उभी केली. पट्टे सोडून बाहेर आलो. समोर रणजित. डोक्यात हेल्मेट, हातात फडकं.

“पूस लवकर!”

“न्हाय पुसत. बस.”

तो बसला न्हाय. पोरं बोंबलतायत, “बस रे, बस!” आन् हा मागं वळून दुसऱ्याच्या हातात फडकं कोंबतोय. शर्यत गेली तरी चालंल, पण तशा सीटवर टेकणार न्हाय! त्या भानगडीत वेळ गेला आन् नंबरबी गेला.

तिथूनच आबांना फोन लावला. खरं काय ते सांगितलं.

“आधी का न्हाय बोललास?” एवढंच म्हणले.

परत आल्यावर सरांनी सगळ्यांना बोलावलं. “एका फडक्यापायी सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी फिरवलंस. रणजितची माफी माग, न्हायतर पुढच्या सीझनला गाडी विसर.”

वेल्डिंगनं हात भाजून घेतलेली पोरं मान खाली घालून बसली होती. त्यांच्याकडं बघून लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठी लाज वर्षभर वाकल्याची होती. ती आता गिळवत नव्हती.

“माफी मागत न्हाय,” म्या म्हणलो. “ट्रायलला येणार. स्टॉपवॉच लावा. माझा टाइम सगळ्यांत कमी आला आन् तरी मला बसवायचं नसंल, तर घामाचं नाव काढायचं न्हाय. खरं कारण सांगायचं. सर, तुमच्या तोंडानं. सगळ्यांच्या पुढं.”