उंबरठ्यावरच्या मावशी

नव्वदनंतर जमिनींना भाव आला आणि तळवलीकडे पिस्तुलंही आली. एका खुनामागून दुसरा होऊ नये म्हणून आमची छोटी समिती धडपडायची. तिच्यातल्या एका मावशींची रीत वेगळी होती. कुणी गोळीने गेलं की त्या त्याच्या घरच्या उंबरठ्यावर बसून सुपात तांदूळ निवडायच्या. सूड घ्यायला निघालेल्या भावांना मान वर न करता म्हणायच्या, “जा. मला ओलांडून जा.” कुणी धजावत नसे. तेराव्यापर्यंत त्या हलत नसत.

मग त्यांचाच मुलगा गोळीने गेला. मी पोचले तेव्हा उंबरठा रिकामा होता. मावशींनी आतून येऊन सूप माझ्या हातात दिलं.

“बाय, आज दारात तू बस, मला ओलांडू देऊ नको,” त्या म्हणाल्या. “मारनाऱ्याचं घर मला ठाव हाय.”