बोगलूचा चौथा घास

बिंदुमाधवाला माणसं आवडत नसत. त्याचा कुणावर राग होता असं नाही. रागवायला समोरच्याची थोडी तरी किंमत वाटावी लागते, आणि तेवढी किंमत त्यानं आजवर कुणाला दिली नव्हती. म्हैसूरच्या विजयनगरात, सेकंड स्टेजला, वडिलांनी, म्हणजे आप्पांनी बांधलेल्या घरात तो राहायचा आणि एका खाजगी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये मुलांकडून लंबक हलवून घ्यायचा. मुलं मठ्ठ होती, प्रिन्सिपल त्यांच्याहून मठ्ठ होता, आणि पहाटे बागेत गोल करून जोरजोरात हसणाऱ्या पेन्शनरांबद्दल तर बोलायलाच नको. शेजारी दर दसऱ्याला राजवाड्याचे दिवे बघायला निघाले की हा गेटपाशी उभा राहून म्हणायचा, "तेच दिवे, तोच राजवाडा. एखादा बल्ब गेलाय काय ते तपासायला जाताय?"

बायको श्रीलक्ष्मी त्याच्याशी फारसं बोलत नसे, त्यामुळे तिचा अपमान करायची संधी त्याला कमी मिळायची. ती कसर तो बहिणीवर भरून काढायचा. धाकटी तुंगा पिरियापट्टणला दिलेली. नवरा गेला, दिरांनी एका ट्रंकेसह माहेरी आणून सोडली, त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून ती या घरात होती, म्हणजे घरात फ्रिज असतो तशी होती. तिच्याशी बोलताना बिंदुमाधवाचं प्रत्येक वाक्य "तुला कळायचं नाही" इथून सुरू व्हायचं, आणि ती भाजी चिरता चिरता "हौदा?" एवढंच म्हणायची. खरंच का, एवढाच त्याचा अर्थ. पण ती तो शब्द असा काही सपाट म्हणायची की पुढं बोलणाऱ्याला उगाच अडखळल्यासारखं व्हायचं. बिंदुमाधव अडखळत नसे.

असा हा माणूस सत्तेचाळिसाव्या वर्षी राक्षसांच्या लढाईच्या खेळात पडला. लॅबमध्ये एका पोराचा फोन त्यानं काढून घेतला होता. "काय हे माकडचाळे" म्हणत स्क्रीनकडे बघितलं, तास संपेपर्यंत बघतच राहिला, आणि संध्याकाळी घरी येऊन तेच माकडचाळे स्वतःच्या फोनवर उतरवून घेतले. खेळाचं नाव झूमोरा. आपण सहा प्राणी निवडायचे, समोरच्यानं सहा, आणि एकेक पुढं घालून लढवायचे. प्रत्येक खेपेला अर्धं मिनिट मिळतं. तेवढ्यात काय करायचं ते दाबायचं. ज्याचे सहाही आडवे झाले तो हरला.

महिनाभरात त्याला कळलं की इथंही माणसं तीच आहेत, लॅबमधली आणि बागेतली. सगळ्यांकडे तोच तो झार्गन नावाचा पेटत्या पंखांचा अजगर. का, तर शहरातला पुनीत म्हणून एक पोरगा कन्नडमधून व्हिडिओ करायचा आणि प्राण्यांच्या उतरंडी लावून द्यायचा; झार्गन सगळ्यात वर. सगळ्यात खालच्या ओळीला त्यानं नाव दिलं होतं कचरा, आणि त्या ओळीत एकटाच बसला होता बोगलू. बोगलू म्हणजे ढेरपोट्या बेडूक, एक डोळा अर्धा मिटलेला. पळता येत नाही, मारता येत नाही. पुनीत त्याच्याबद्दल एवढंच म्हणाला होता, "याला घेणारा माणूस फक्त बघायचाय मला."

बिंदुमाधवानं त्याच संध्याकाळी बोगलू घेतला. प्रेमानं नव्हे. पुनीतच्या तोंडात मारायला हातात काहीतरी हवं होतं म्हणून.

बोगलूला दोनच कामं येतात: गिळणं आणि ओकणं. समोरच्याचा फटका तो गिळतो आणि फुगतो. तीन फटके गिळून झाले की चौथ्या खेपेला सगळं एकदम ओकायचं. मग समोर झार्गन असो की त्याचा बाप, जागेवर आडवा. पण अर्ध्या मिनिटात ओकायचं दाबलं नाही तर बोगलू आपला सवयीनं चौथाही गिळतो आणि फुटतो. अडचण अशी की तीन फटके खाईपर्यंत हा बिचारा जगतच नाही. म्हणून तो कचरा.

त्याला जगवायचं तर बाकीच्या पाच जणांनी त्याच्यासाठी मरायला हवं. बिंदुमाधवानं तशीच टोळी बांधायला घेतली. शेलन नावाचं कासव, मरताना आपलं कवच मागच्याच्या अंगावर टाकून जाणारं. पिपीरू नावाचा पक्षी, विष झाडून काढणारा. बाकीचे असेच, स्वतः मार खाऊन मोकळे होणारे. टोळी जमली, पण ती घासूनपुसून बघायला समोर झार्गन चालवणारं कुणीतरी हवं होतं. शहरातली पोरं त्याला अंकल म्हणायची आणि फिदीफिदी हसायची. त्यांच्यासमोर पत्ते उघडे करायचे नव्हते. म्हणून त्यानं तुंगाच्या फोनवर खेळ टाकून दिला.

"मी सांगेन ते दाबायचं. तुला कळायचं नाही, सुम्ने, गपचूप दाबत जा," तो म्हणाला.

सुरुवातीला तो सांगायचा आणि ती दाबायची. पुढं सांगायचाही त्याला कंटाळा आला आणि ती आपली आपण दाबू लागली. दोन वर्षं, रोज दुपारी चहानंतर, ती झार्गन चालवायची आणि तो बोगलू. एकदा तिनं भलतंच केलं. बोगलूनं दोन फटके गिळल्यावर तिनं तिसरा मारलाच नाही. झार्गनला मागं घेतलं आणि एक फुटकळ किडा पुढं घातला. बोगलू अर्धवट फुगून तसाच बसला आणि बिंदुमाधव हरला.

"बोट चुकून पडलं तुझं," तो म्हणाला.

"हौदा?"

दुसऱ्या दिवशी त्यानं टोळीतला एक प्राणी काढून धुपी घेतली. धुपी म्हणजे धुराचा ढग. तिनं धूर केला की समोरच्याला माघार घेता येत नाही. असं आणखी चार-पाचदा झालं. दर वेळी तुंगाचं बोट चुकायचं आणि दर वेळी बिंदुमाधवाची टोळी सुधारायची. आपल्या बुद्धीचं त्याचं त्यालाच कौतुक वाटायचं.

मग राज्याची स्पर्धा जाहीर झाली. घरबसल्याच खेळायची. नाव देताना सरावाच्या जोडीदाराचंही नाव देता येत होतं. सामन्याच्या वेळी स्क्रीनवर दोघांची नावं झळकायची. तुंगा समोर भेंडी चिरत बसली होती. तो अर्ज मोठ्यानं वाचत होता, तिला ते ऐकू गेलं.

"माझं घाल की, अण्णा," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत तिनं त्याच्याकडे काही मागितल्याचं त्याला आठवत नव्हतं. तो पोट धरून हसला. "तुंगे, ती बेंडेकाई चिरायची स्पर्धा नाही."

भेंडी त्या दिवशी फार बारीक चिरली गेली.

बिंदुमाधव एकामागून एक फेऱ्या जिंकत गेला. अंतिम सामना रविवारी दुपारी, आणि समोर कोण, तर पुनीत. पुनीतनं व्हिडिओत सगळ्यांदेखत शब्द दिला होता: हरलो तर बोगलूला सगळ्यात वरच्या ओळीत बसवीन आणि अंकलची हात जोडून माफी मागीन. बिंदुमाधवाला बक्षिसाचं काही नव्हतं. त्याला ती माफी हवी होती. जन्मभर त्यानं सगळ्यांना मूर्ख म्हटलं होतं. आता एकदा कुणीतरी चारचौघांत उठून ते कबूल करायला हवं होतं.

शुक्रवारी श्रीलक्ष्मी म्हणाली, "रविवारी आप्पांचं श्राद्ध आहे. आचार्यांना सांगून झालंय."

स्वयंपाकघरात मठाचं पंचांग टांगलेलं होतं. तिथी दरवर्षी सरकते हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण भिंतीवरच्या कागदाला काय विचारायचं, असं म्हणणाऱ्या बिंदुमाधवानं तिकडे बघितलंच नव्हतं. स्पर्धावाल्यांनी वेळ बदलायला नकार दिला. व्यासराज आचार्यांना श्राद्ध सकाळी लवकर उरकायला सांगून बघितलं, तर ते म्हणाले, "बिंदुमाधवराव, पितर दुपारी येतात. त्यांना तुमचा फोन नंबर देऊन ठेवा, हवं तर."

श्राद्ध म्हणजे मडी, आपलं सोवळं. ओलेतं नेसल्यापासून श्राद्धाचं जेवण होईपर्यंत फोनला शिवायचं नाही. जगाला तुच्छ मानणारा हा माणूस आप्पांना मात्र त्यांच्या माघारीही टरकून होता. श्राद्ध मोडायची त्याची छाती नव्हती. श्रीलक्ष्मी स्वयंपाकात, तीही मडीत. शेजाऱ्यांपैकी कुणाला बोलवावं तर ज्याच्याशी धड संबंध आहेत असा एकही शेजारी उरलेला नव्हता.

आणि रविवारी पहाटे तुंगा बाहेरची झाली. आप्पांच्या श्राद्धाचे वडे दरवर्षी तीच करायची. आप्पांना तिच्याच हातचे लागत. आज तिला पुढच्या पोर्टिकोत स्कूटरशेजारी प्लास्टिकची खुर्ची देऊन बसवलं. "आजच मुहूर्त मिळाला?" बिंदुमाधव आधी खेकसला. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. आज या घरात फोनला हात लावू शकणारं माणूस एकच होतं.

हॉलच्या खिडकीतून पोर्टिको दिसायचा. गजांपलीकडे तुंगा त्याचा फोन मांडीवर घेऊन बसली, अलीकडे तो दर्भाचं पवित्र बोटात घालून उभा राहिला. संध्याकाळी फोन गोमूत्राच्या फडक्यानं पुसून घ्यायचा असं ठरलं.

सामना नेमका उशिरा सुरू झाला. बिंदुमाधव मंत्रांच्या मधून सुटून खिडकीशी यायचा आणि सांगायचा, "शेलनला पुढं घाल. हां. आता मरू दे त्याला."

"कोणाला मारताय?" आतून आचार्य ओरडले. "आजच्या दिवशी असलं बोलू नये!"

पुनीत प्रत्येक खेपेला अर्धं मिनिट पुरेपूर वापरत होता. तरी टोळी ठरल्याप्रमाणे मरत गेली. धुपीनं जाता जाता धूर केला. शेवटी इकडे एकटा बोगलू उरला, अंगावर शेलनचं कवच; तिकडे एकटा झार्गन. बोगलूनं दोन फटके गिळले होते. अजून एक गिळायचा आणि ओकायचं. पुनीतची माफी दोन खेपांवर येऊन ठेपली होती.

"या, पानं वाढली," आचार्यांनी हाक मारली.

बिंदुमाधव खिडकीला तोंड लावून घाईनं म्हणाला, "मी आलोच. सांगेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. ऐकलंस? डोकं चालवू नको. मुळात नाहीच, ते चालवायला जाशील आणि सगळं घालवशील."

"बरं," तुंगा म्हणाली.

तो आत गेला आणि आचार्यांनी त्याच्या हातावर पाणी सोडलं. ब्राह्मणांनी आपोशन घेतलं. एकदा ते घेतलं की ब्राह्मण उठेपर्यंत कर्त्यानं जागचं हलायचं नाही आणि घरात कुणी शब्द काढायचा नाही. हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. फक्त आत गेल्या गेल्या आपोशन होईल असं वाटलं नव्हतं.

बाहेरून बोगलूनं तिसरा फटका गिळल्याचा आवाज आला, गटकन. आता ओकायचं. आत्ता. बिंदुमाधव हात जोडून उभा होता, कपाळावर घाम. तो खोकला.

खिडकीपलीकडे तुंगानं मान वर केली. गजांतून तिनं त्याच्याकडे सरळ बघितलं, चांगलं निवांत बघितलं. मग फोनकडे बघितलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

तो पुन्हा खोकला, या वेळी घशातून रक्त येईल असा. आचार्यांनी डोळे वटारले. फोन टिकटिक करायला लागला. शेवटची दहा सेकंद उरली की तो तसं करतो. दोन ब्राह्मण खाली मान घालून वडे खात होते. आप्पांचा फोटो भिंतीवरून बघत होता. बिंदुमाधवाच्या ओठांपर्यंत "ओक, दाब, दाब गं" असं सगळं आलं आणि त्यानं ते गिळलं.

मग फट्ट असा आवाज झाला, आणि झार्गनवाल्याचं विजयाचं संगीत वाजायला लागलं.

ब्राह्मण उठले, पिंड झाले, आचार्य दक्षिणा घेऊन गेले. बिंदुमाधव तसाच ओलेत्यानं पोर्टिकोत आला.

"खोकलो की मी!"

"ऐकलं की," तुंगा म्हणाली.

"तीन गिळले होते त्यानं! एवढंही कळत नाही तुला?"

"कळलं की. दोन वर्षं तो झार्गन मी चालवलाय, अण्णा. तो कधी मरतो ते तुझ्यापेक्षा मलाच जास्त ठाऊक."

"मग दाबलं का नाहीस?"

"तूच म्हणालास, सांगेपर्यंत हात लावू नको. तू सांगितलं नाहीस. खोकलास."

त्याला पहिल्यांदाच तिच्याशी बोलताना पुढचं वाक्य सापडेना. "हरलो मी," तो म्हणाला. "तुंगे, त्या पोरापुढं हरलो मी."

"हो. तूच हरलास. तिथं नाव तुझं एकट्याचंच आहे."

तिनं फोन स्कूटरच्या सीटवर ठेवला. त्यानं झडप घालायला हात पुढं केला तशी ती एक पाऊल मागं सरली आणि म्हणाली, "शिवू नको. आप्पांचं श्राद्ध आहे. अजून जेवायचंय तुला."

फोन वाजायला लागला. पुनीतचा होता. तुंगा आपलं पान मागच्या दारी ठेवलंय का ते बघायला घराला वळसा घालून निघून गेली. श्रीलक्ष्मी आतून प्रसादाला हाका मारत होती. बिंदुमाधव ओल्या पंच्यात, दोन्ही हात अंगापासून लांब धरून, वाजणाऱ्या फोनकडे बघत उभा राहिला.